गायनाची रात्र आणि झोळीचा हिशेब

दलित कवितेवर लिहिणारे आपण सारे बहुधा छापलेल्या कवितेवरच लिहितो. पुस्तक हातात आले की आपल्याला कविता दिसते. तीच ढोलकीवर आली की आपण तिला 'प्रबोधन' म्हणतो आणि समीक्षेच्या बाहेर ठेवतो. मीही तेच करीत आलो. म्हणून या लेखात मी एकाही संग्रहाविषयी लिहिणार नाही. वाशीम जिल्ह्यात, पैनगंगेच्या काठच्या एका गावात, १० डिसेंबरच्या रात्री झालेला गाण्याचा कार्यक्रम हीच माझी या वेळची साहित्यकृती आहे. गावाचे नाव मी लिहीत नाही. का, ते पुढे येईलच.

आमंत्रण म्हणून एक पिवळे पत्रक आले होते. वर 'मानवी हक्क दिनानिमित्त भव्य संगीत रजनी', खाली गायकाचे नाव आणि फोटो, आणि अगदी तळाशी बारीक टाइपात एक ओळ: जमा होणारी रक्कम अत्याचाराच्या खटल्यातील पीडित कुटुंबाच्या कोर्टकामासाठी वापरण्यात येईल. पत्रक हाही एक पाठ असतो. गायकाचा फोटो तळहाताएवढा आणि खटला तळाच्या ओळीत, ही मांडणी कोणी मुद्दाम केली नव्हती. छापखान्यात पडून असलेल्या जुन्या नमुन्यावर ती आपोआप झाली होती. पण त्या रात्रीचा सगळा पेच त्या मांडणीत आधीच होता. 'संगीत रजनी' या शब्दावर विहारातल्या एका म्हाताऱ्या उपासकाने नाक मुरडले. "आमच्या टायमाले याले जलसा म्हनत," ते म्हणाले. पोरे हसली.

१० डिसेंबर ही तारीख संयुक्त राष्ट्रांची. १९४८ साली त्या दिवशी मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर झाला. आपल्या पंचांगात ती तारीख मोठ्या सोयीच्या ठिकाणी येते. चार दिवस आधी महापरिनिर्वाण दिन, पंधरा दिवसांनी २५ डिसेंबर, म्हणजे १९२७ साली महाडला मनुस्मृती जाळली तो दिवस. 'मानवी हक्क' हा शब्द आपल्याकडे जिनिव्हा-न्यूयॉर्कहून आला असे समजणाऱ्यांनी महाडची आठवण ठेवावी. चवदार तळ्यावर माणसे मार्च १९२७ मध्ये गेली ती तहान भागवायला गेली नव्हती, माणुसकीचे हक्क शाबीत करायला गेली होती. आणि त्या पाण्याचा कोर्टातला निकाल मुंबई हायकोर्टाकडून मिळायला मार्च १९३७ उजाडला. दहा वर्षे! लोक पहिली तारीख साजरी करतात. दुसरीपर्यंत कोण किती वेळा कोर्टात गेले, कागदांना पैसे कोणी दिले, यावर गाणे नाही.

आणखी एक कारण आहे, आणि ते गावकऱ्यांना पक्के माहीत आहे. डिसेंबरात सोयाबीन विकून झालेले असते, कापसाची वेचणी चालू असते, मजुराच्या हाती दोन पैसे असतात. एप्रिलात जयंतीला उत्साह जास्त, पैसा कमी. मानवी हक्क दिन वऱ्हाडात यशस्वी व्हायचा असेल तर तो सोयाबीननंतरच यायला हवा. तो तसा येतो, याबद्दल संयुक्त राष्ट्रांचे आभार मानायला हरकत नाही.

वाशीम १ जुलै १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्याचा एक भाग होता. पुढे तो वेगळा झाला आणि वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा असे सहा तालुके त्याच्या वाट्याला आले. २०१८ साली केंद्राने देशातले मागासलेले जिल्हे निवडले आणि त्यांना 'आकांक्षित' असे गोंडस नाव दिले. महाराष्ट्रातल्या चारांत वाशीम आहे. त्याच जिल्ह्यातून आता समृद्धी महामार्ग जातो. त्याच्यावरून नागपूर जवळ आले. पण काठावरच्या गावातून जिल्ह्याच्या कोर्टात वेळेवर पोचायचे तर पहाटेची एस.टी.च गाठावी लागते आणि ती चुकली की तारीख चुकते. या लेखातला सगळा पैशाचा प्रश्न त्या एस.टी.चा आहे.

जलशापासून रजनीपर्यंत

म्हातारे उपासक बोलले ते खोटे नव्हते. सत्यशोधक समाज १८७३ साली निघाला आणि पुढे त्याच्या जलशांनी तमाशाचा सांगाडा उचलून त्यात सावकार, भटजी, शाळा आणि कर्ज हे विषय भरले. १९३० च्या दशकात आंबेडकरी जलसे गावोगाव फिरू लागले, त्यांनी तो सांगाडा आणखी पुढे नेला. गण, बतावणी, वग हे सारे राहिले. देवादिकांची स्तुती गेली. नाशिककडचे भीमराव कर्डक हे त्या जलशांतले मोठे नाव. त्यांनीच १९७८ साली 'आंबेडकरी जलसे: स्वरूप व कार्य' हे पुस्तक लिहून आपल्यावर उपकार केले, नाहीतर आपल्या समीक्षकांनी हा सगळा इतिहास बासनात बांधून ठेवला असता. बाबासाहेब आपल्या दहा सभांच्या बरोबरीला एक जलसा धरीत, असे चळवळीत नेहमी सांगितले जाते. आपण ते वाक्य व्यासपीठावर सांगतो आणि खाली उतरून जलशावर एक ओळही लिहीत नाही.

जलशात वग होता, म्हणजे गोष्ट होती. गोष्टीत पाटील होता, तलाठी होता, पाणवठा होता, आणि कोणीतरी 'नाही' म्हणणारा होता. १९५६ च्या धर्मांतरानंतर हळूहळू जलसे मागे पडले, गायनपार्ट्या आल्या, कव्वालीचे सामने आले. गीत राहिले, वग गेला. वामनदादा कर्डकांनी (भीमरावांशी आडनावाचे साम्य एवढेच, दोघे वेगळे) एकट्याच्या बळावर गाण्यातच गोष्ट, टोमणा, उपदेश आणि शोक असे सारे कोंबले आणि आयुष्य गावोगाव फिरण्यात घातले. २००४ साली ते गेले. त्यांच्यासारखा एक असला म्हणजे फॉर्म तरतो. तो गेला की मागे चाल उरते. पुढे कॅसेटी आल्या, मग डीजे आला. नागपूरपासून बुलढाण्यापर्यंत आज ज्याला आपण भीमगीतांचा कार्यक्रम म्हणतो, तो या वाटेने आलेला आहे.

हे मी रडगाणे म्हणून सांगत नाही. तमाशाचे सोंग काढून गायक सुटाबुटात उभा राहिला, त्यात आत्मसन्मान होता. ज्यांच्या आईबापांना नाचायला लावले त्यांनी नाच टाकला, हा निर्णय होता. पण निर्णयाची किंमतही मोजावी लागते, आणि ती त्या रात्री मला मोजता आली.

पहिला अर्धा

रात्री साडेनऊला वंदना झाली. मग नागपूरकडून आलेले गायक उठले. हार्मोनियम, ढोलक, बँजो, ऑक्टोपॅड. आवाज उत्तम. खालचा षड्ज मातीसारखा आणि वरचा टिपेचा, असा गळा मी बऱ्याच वर्षांत ऐकला नव्हता. समोर हजारभर माणूस असावे, बायका डावीकडे सतरंजीवर, पुरुष उजवीकडे खुर्च्यांवर आणि बांधावर.

त्यांनी सलग नऊ गाणी गायली. मी वहीत प्रत्येकातली सर्वनामे मांडली. हसू नका, कवितेत कोण कोणाशी बोलतो हे पाहिल्याशिवाय तिची बांधिलकी कळत नाही. नवांपैकी आठ गाण्यांत 'तू' म्हणजे बाबासाहेब आणि 'आम्ही' म्हणजे ऋणी माणसे. 'तू होतास म्हणून आम्ही आहोत', हा सर्व गाण्यांचा गाभा. 'ते' कुठेच नाहीत. ज्याने जमीन हिसकली तो नाही, ज्याने फिर्याद नोंदवून घ्यायला नकार दिला तो नाही, पंचनाम्यावर ज्याची सही आहे तोही नाही. तृतीय पुरुष गाण्यातून हद्दपार झाला की कृतज्ञता शिल्लक राहते आणि अत्याचार करणाऱ्याला रात्रभर स्वस्थ झोप लागते. तो गावातच, दोनशे पावलांवर झोपलेला होता. भोंग्याचे तोंड त्याच्या घराकडेच होते, आणि त्याला एकही शब्द लागत नव्हता.

एवढे लिहिल्यावर दुसरी बाजूही मांडायलाच हवी, नाहीतर मी शहरी समीक्षकासारखा बोललो असे होईल. माझ्याशेजारी एक बाई बसल्या होत्या, साठीच्या पुढच्या, शाळेत एक दिवसही न गेलेल्या. गोलमेज परिषदेवरचे गाणे चालू होते. त्या मला म्हणाल्या, "सर, आमाले लंडन हेच दिसलं. पुस्तक कोनं वाचलं?" या बाईंना पुणे करार ठाऊक आहे, हिंदू कोड बिल ठाऊक आहे, बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला हे ठाऊक आहे, आणि हे सारे चालीत ठाऊक आहे. विद्यापीठाने जे त्यांच्यापर्यंत नेले नाही ते गायनपार्टीने नेले. ऋणाच्या गाण्याला नावे ठेवताना हे ऋण विसरता येत नाही. माझा आक्षेप ऋण गाण्याला नाही. ज्या रात्री खटल्यासाठी झोळी फिरते त्या रात्रीही केवळ ऋणच गायले जाते, त्याला आहे.

इनाम कोणाचे

गाणी चालू असताना इनाम येऊ लागले. ही रीत वाचकांना ठाऊक आहे. कोणी पन्नासाची, शंभराची नोट घेऊन मंचाकडे जातो, निवेदक गाणे थांबवून नाव पुकारतो, 'अमुकतमुक यांच्याकडून गायकाला सप्रेम भेट', आणि ढोलकीवर थाप पडते. आता मंचाला क्यूआर कोडचा कागदही चिकटवलेला असतो. त्यावर मोबाइलने पैसे भरलेल्या दोघांची नावे पुकारली गेली नाहीत. ते रागावले आणि नाव ऐकायला मिळावे म्हणून रोख पुन्हा देऊन गेले. झोळीचा त्यात फायदाच झाला.

पण कोणाची झोळी? साडेअकराच्या सुमारास समितीच्या तरुण चिटणिसाने माईकवर येऊन सांगितले की आजचे इनामसुद्धा खटल्याच्या निधीत जाईल. टाळ्या झाल्या. गायकाने पेटी बंद केली. मंचामागे जे बोलणे झाले ते मी ऐकले. गायक म्हणाले, सुपारी ठरली तेव्हा इनाम आमचे असे ठरले होते. चिटणीस म्हणाला, काका, समाजाचे काम आहे. गायकाचे उत्तर मी जसेच्या तसे लिहितो: "मी फुकट गातो ना बाप्पा, मले काही म्हननं नाही. पन ढोलकवाल्याच्या पोराची फी कोन भरन?"

या प्रश्नाला उत्तर नव्हते, कारण तो बरोबर होता. आपल्या चळवळीने गायकाला 'शाहीर' म्हणून हार घातले आणि परतीचे भाडे बहुतेकदा त्याच्यावरच टाकले. विलास घोगरे यांची आठवण ठेवावी. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसे मेली. चार दिवसांनी मुलुंडच्या झोपडीत या कवी-गायकाने गळफास घेतला. आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' हा चित्रपट त्या मृत्यूपासून सुरू झाला आणि पुरा व्हायला चौदा वर्षे लागली. कबीर कला मंचाच्या कलावंतांवर २०११ पासून खटले आले, २०१३ च्या एप्रिलमध्ये शीतल साठे आणि सचिन माळी विधानभवनासमोर गात-गात स्वतःहून हजर झाले, आणि त्यांच्यासाठी बचाव समिती काढावी लागली. म्हणजे दुसऱ्याच्या हक्कासाठी गाणाऱ्यांच्या स्वतःच्या हक्कासाठीही झोळी लागते. तेव्हा मानवी हक्कांच्या रात्री गायकाकडे फुकट गाणे मागणे हा मानवी हक्कांचाच भंग आहे, हे मी चिटणिसाला सांगितले. तो माझा जुना विद्यार्थी आहे, म्हणून ऐकून घेतले. शेवटी निम्मे-निम्मे ठरले आणि तेही माईकवर जाहीर झाले.

बाहेरच्या जगातही हे दुखणे आहे, आणि मोठ्या नावांनाही ते चुकलेले नाही. १ ऑगस्ट १९७१ रोजी रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी न्यूयॉर्कला बांगलादेशच्या निर्वासितांसाठी मैफल केली. हेतू शुद्ध, गर्दी प्रचंड. पण हिशेबाची व्यवस्था आधी न केल्यामुळे रेकॉर्ड-चित्रपटांतला पैसा कराच्या भानगडीत वर्षानुवर्षे अडकला. ३० सप्टेंबर १९८८ ला जाहीरनाम्याच्या चाळिसाव्या वर्षानिमित्त ॲम्नेस्टीचा संगीत-दौरा दिल्लीत आला, जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर स्प्रिंगस्टीन, स्टिंग, ट्रेसी चॅपमन गायले. त्या जगभरच्या दौऱ्याचा खर्च उचलायला बूट विकणारी रीबॉक कंपनी पुढे आली होती. मला या दोन्हींपेक्षा १९६२ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, अल्बनी येथे उभे राहिलेले फ्रीडम सिंगर्स जवळचे वाटतात. चार कृष्णवर्णीय तरुण, वाद्य बहुधा नाहीच, मोटारीने देशभर फिरून विद्यार्थी चळवळीसाठी पैसे जमवायचे. त्यांच्या गाण्यात तुरुंगाचे आणि शेरीफचे नाव यायचे. गावोगावच्या श्रोत्याला आपला पैसा कुठल्या तुरुंगाच्या दारात पोचणार हे गाण्यातूनच कळायचे. आपल्या जलशाचे हे सख्खे भावंड. दलित पँथरने १९७२ साली नाव अमेरिकेतून घेतले, तेव्हा ही रीतही घ्यायला हवी होती. नव्हे, ती आपल्याकडे आधीच होती.

माझा हिशेब

आता मला माझ्याविषयी लिहिले पाहिजे. वीस-बावीस वर्षांपूर्वी याच जिल्ह्यात अशाच एका रात्रीचा मी खजिनदार होतो. खटला मारहाणीचा होता. गायक मोठा आणला. मंडप, भोंगे, जनरेटर, गाडीभाडे, पाहुण्यांचे जेवण हे सारे वजा जाता जे उरले ते वकिलाच्या एका भेटीलाही पुरले नाही. मी हिशेब नीट लिहिला होता, एका पैशाची अफरातफर नव्हती, याचा मला अभिमान वाटे. मुख्य साक्षीदार शेतमजूर होता. दोन तारखा तो स्वतःच्या खर्चाने गेला, दोन्ही वेळा काम पुढे ढकलले गेले. तिसऱ्या वेळी तो वीटभट्टीवर निघून गेला होता. त्याला परत आणायला गाडीभाडे नव्हते, आणि त्याच्या बुडालेल्या रोजाचा तर कोणी विचारच केला नव्हता. आरोपी सुटले. त्याच वर्षी मी एका चर्चासत्रात 'आंबेडकरी गीतांतील विद्रोह' या विषयावर पाऊण तासाचा निबंध वाचला. त्यात ती रात्र नव्हती, तो साक्षीदार नव्हता. निबंधाची पुष्कळ स्तुती झाली.

त्या साक्षीदाराचे भाडे आम्ही गाणी विकून जमवायचे नव्हतेच, हे मला फार उशिरा समजले. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आणि त्याखालचे १९९५ चे नियम आपण घोषणेत घेतो, वाचत नाही. नियम ११ वाचावा. तपासासाठी किंवा सुनावणीसाठी येणाऱ्या पीडिताला, त्याच्यावर अवलंबून असलेल्यांना आणि साक्षीदारांना घरापासूनचे प्रवासभाडे सरकारने द्यायचे आहे. बुडालेल्या दिवसाचा निर्वाहखर्च शेतमजुराच्या किमान वेतनापेक्षा कमी नसावा असे त्यात लिहिले आहे. बाईला, अल्पवयीनाला, साठीच्या पुढच्या माणसाला आणि अपंगाला सोबत एक माणूस आणण्याचा हक्क आहे आणि त्याचाही खर्च मिळतो. हे पैसे लगेच, उशिरात उशिरा तीन दिवसांत द्यायचे आहेत. २०१६ च्या जानेवारीत दुरुस्ती लागू झाली, तिच्यातले कलम १५-अ तर पीडित आणि साक्षीदार यांच्या हक्कांसाठीच आहे: तारखेची आगाऊ सूचना मिळणे, जामिनाच्या वेळी आपले म्हणणे मांडता येणे. आरोपपत्रानंतर शक्यतो दोन महिन्यांत खटला संपवावा असेही कायदा म्हणतो. 'शक्यतो' हा एक शब्द किती वर्षे खातो ते कोर्टाच्या आवारात बसलेल्यांना विचारा.

म्हणून त्या रात्री मंचावरून मला दोन शब्द बोलायला सांगितले तेव्हा मी साहित्यावर बोललो नाही. नियम ११ वाचून दाखवला. अर्ज कोणी करायचा, कोणाकडे करायचा, पोच कशी घ्यायची, जिल्हा दक्षता समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा तरी व्हायलाच हवी आणि तिथे हा विषय कसा न्यायचा, हे सांगितले. आपली झोळी ही सरकारच्या पैशाच्या बदली नाही. तो येईपर्यंत एस.टी. चुकू नये एवढ्यासाठी आहे. लोकांनी शांतपणे ऐकले. खरे सांगायचे तर कंटाळून ऐकले. गद्याची तेवढी लायकी रात्री बारा वाजता नसते.

नाव

साडेबाराला गावातल्या बायकांचे भजनी मंडळ बसले आणि त्यांच्यामागून एक पोरगा उठला. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, डफ त्याच्या आजोबांचा. त्याने या खटल्यावरच पोवाडा लिहिला होता. सुरुवात जुन्या वळणाची: साल, महिना, वार, गाव. मग गल्ली. मग त्याने मुलीचे नाव घेतले.

डावीकडच्या सतरंजीवरून एक बाई उभ्या राहिल्या. त्या मुलीची आई होत्या हे अर्ध्या मंडपाला माहीत होते. फार मोठ्याने बोलल्या नाहीत. "माह्या लेकीचं नाव नोका घेऊ बाप्पा," त्या म्हणाल्या. "गावाले मालूमच हाय. आता भोंग्याले कायले सांगता?"

डफ थांबला.

पोवाडा म्हणजे नाव घेणे. शाहिराचा धर्मच तो. ज्याचे नाव राजाच्या दप्तरात नाही त्याचे नाव शाहिराने गायचे. नामांतराच्या लढ्यात १९७८ साली पोचिराम कांबळे मारले गेले, ते नाव गाण्यांनी जिवंत ठेवले. २००६ च्या २९ सप्टेंबरला भंडारा जिल्ह्यात खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातली चार माणसे मारली गेली, तेव्हा सुरेखा आणि प्रियंका ही नावे घेतल्याशिवाय त्या क्रौर्याला आवाज फुटला नसता. दलित साहित्याने नाव लपवण्याविरुद्ध बंड केले आहे. आत्मकथनांनी आपल्या आयांची, आपल्या वस्त्यांची नावे छापली आणि मराठी वाङ्मय हादरले. त्या परंपरेत वाढलेल्या पोराने नाव घेतले यात त्याचा काय दोष?

पण खैरलांजीत ज्यांची नावे घेतली त्या मेलेल्या होत्या. ही मुलगी जिवंत आहे. तिला उद्या त्याच गल्लीतून जायचे आहे, परीक्षेला बसायचे आहे, साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहायचे आहे. कायदा म्हणतो की अशा खटल्यात पीडितेची ओळख उघड करू नये. आधी भारतीय दंड विधानात ते २२८-अ कलम होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते ७२ वे आहे, आणि अल्पवयीनांसाठी २०१२ चा पॉक्सो कायदाही तेच सांगतो. आईने कायदा वाचलेला नव्हता. नाव कोणाच्या मालकीचे, एवढेच तिने सांगितले. आपल्या समीक्षेत 'अनुभवाची प्रामाणिकता' हा शब्द आपण फार वापरतो. अनुभव दुसऱ्याचा असेल, आणि तो दुसरा समोर सतरंजीवर बसलेला असेल, तर त्या प्रामाणिकतेचे काय करायचे, यावर आपण फारसे लिहिलेले नाही. आत्मकथनात लेखक स्वतःला उघडे करतो. झोळीच्या रात्री दुसऱ्याला उघडे करून पैसे जमा होतात, आणि जखम जितकी उघडी तितकी नोट मोठी, हा मोह मंचावरच्या प्रत्येकाला होतो. निवेदकालाही झाला होता; त्याने दहा मिनिटे आधीच 'या माउलीचे अश्रू पाहा' असे म्हणून झाले होते.

पोरगा मिनिटभर उभा राहिला. मग त्याने पहिला चौक सोडला आणि दुसऱ्यापासून सुरू केले. जिथे जिथे नाव होते तिथे तो नुसती डफावर थाप देई आणि पुढची ओळ घेई. वृत्त मोडत होते. दोनदा तो अडखळला. आणि मग त्या पोवाड्यात मी रात्रभर जे शोधत होतो ते आले. फिर्याद घ्यायला लावलेला वेळ आला. ठाण्याच्या बाकावर बसलेली आई आली. पहाटेची एस.टी., तिचे थांबे ओळीने, तिकिटाचे पैसे, कोर्टाबाहेरचे झाड, दुपारी पुकारा, आणि मग पुढची तारीख. तारखा त्याने चालीत बसवल्या होत्या, एकेक तारीख सम धरून येत होती. बायका तिसऱ्या तारखेपासून त्याच्याबरोबर म्हणू लागल्या. 'ते' आले होते. फौजदार आला, तलाठी आला, मागे वळून न पाहणारा सरपंच आला. नावे त्यांचीही नव्हती, हुद्दे होते, आणि हुद्दे पुरेसे होते. गल्लीच्या टोकाला एका घराचा दिवा लागला.

या पोवाड्यात दोष पुष्कळ होते. शेवटचा चौक भाषणासारखा झाला, आणि संविधानाचे नाव त्याने यमकासाठी दोनदा वापरले. पण नागपूरकडच्या गायकांनी, ज्यांचा गळा त्याच्या दहापट होता, पेटी पुढे ओढली आणि न सांगता त्याला सूर दिला. ढोलकवालाही बसला. वग बाहेरून आणावा लागला नाही. खटल्याच्या कागदांतच तो होता, कोणीतरी तो तारीखवार वाचायला हवा होता.

पहाटे विहारात मोजणी झाली. दहा-वीसच्याच नोटा जास्त, म्हणून वेळ लागला. रक्कम मी इथे लिहीत नाही, ती विहाराच्या बाहेरच्या भिंतीवर खडूने लिहिली आहे: जमा, गायकाचे निम्मे इनाम, मंडप, भोंगे, शिल्लक. खाली एक कोरी जागा 'नियम ११ अन्वये सरकारकडून' या मथळ्याची. अर्ज दुसऱ्या दिवशी गेला, पोच चिटणिसाच्या खिशात आहे. पुढच्या तारखेला मुलगी, तिची आई आणि भजनी मंडळातली एक बाई अशा तिघी पहाटेच्या गाडीने जाऊन आल्या. भिंतीवरच्या शिलकेतून तेवढे वजा झाले. कोऱ्या जागेत अजून आकडा पडलेला नाही.

पोराने मला फोन केला होता. पहिल्या चौकात नावाच्या जागी सहा मात्रांचा शब्द हवा आहे, सर, काही सुचते का, म्हणाला. मी 'लेकीला' सुचवले, मग 'पोरीला', मग दोन दिवस विचार करून तिसरा एक शब्द पाठवला. तिन्ही त्याने नाकारले. म्हणाला, आईले विचारलं, तिले एकही नाही पटला. तेव्हा सध्या तिथे डफावरची थापच आहे.